रिकामा ठेवलेला पत्ता

नव्या जिल्ह्याची पाणी-प्रयोगशाळा लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत मांडलेली होती. त्या दुष्काळी वैशाखात, एका शनिवारी, तिथली रसायनतज्ज्ञ, उदगीरची रुद्राणी, खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवीत असता एक अनोळखी तरुण दारात आला. खाऱ्या पाण्याचा नमुना मागता मागता त्याची दृष्टी तिच्या रेखीव अक्षरांवर थबकली... आणि त्याने वही पुढे केली.

तो लोह्याचा भुजंग. नांदेडच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवी. पाण्याचा जडपणा शोषून घेणारे, मोहरीएवढे कृत्रिम राळेचे मणी त्याने घडवले होते. त्यांच्या पेटंटासाठी प्रयोगवहीच्या पानोपानी साक्ष हवी होती. आणि साक्षीदार असा, की जो जाणकार असेल, पण शोधात ज्याचा हात नसेल.

"इथं सही करा म्याडम. माझी गाडी सुटंल."

"सुटू द्या. न वाचता मी सही करत न्हाई."

गाडी सुटली. त्यानंतर प्रत्येक शनिवारी तो येई, ती वाची, आणि सहीपूर्वी दोघांचा यथासांग वाद होई. दोष एकच उरला होता : सुकलेले मणी पाण्यात पडताच तडकत. एकदा भिंगाखालचा मणी निरखीत ती म्हणाली, की ते एकदम फुगतात म्हणून फुटतात. आधी दाट मिठाच्या पाण्यात भिजवावेत, मग मीठ हळूहळू कमी करावे.

पुढच्या शनिवारी त्याने बाटली उन्हात धरली. एकही मणी तडकला नव्हता. दोघे एकाच वेळी हसले. परंतु त्या पानावर रुद्राणीने सही केली नाही.

"ही युक्ती माझी हाय," ती शांतपणे म्हणाली. "आता मी साक्षीदार कशी? शोधात माझं नाव घाला, न्हाईतर युक्ती काढून टाका."

युक्ती काढावी तर मणी निरुपयोगी. नाव घालावे तर चार वर्षांचा एकट्याचा शोध दोघांचा होणार. भुजंग वही मिटून निघून गेला.

दोन शनिवार कोरडे गेले. आपले म्हणणे चुकले, असे रुद्राणीला वाटले नाही; तरी नांदेडची गाडी येण्याच्या वेळी दाराकडे पाहायचे नाही, असे तिने ठरवले — आणि पाहिले.

तिसऱ्या शनिवारी तो आला. अर्जावर शोधकर्ते दोन होते.

"राग आला होता?" तिने विचारले.

"पहिले चार दिवस. मग लाज वाटली." त्याने अर्ज तिच्यापुढे सरकवला. "साक्षीला दुसरे सर गाठलेत. ते तुमच्यासारखं भांडत न्हाईत... लई सुनं वाटून राहिलंय."

तिने अर्ज बारकाईने वाचला. "माझा पत्ता का लिहिला न्हाई?"

भुजंग चष्मा पुसू लागला. "मंजुरीला तीन-चार वर्षं लागतात. तवर तुम्ही लातुरात असाल... की नांदेडात — माझ्याकडं — ते मी एकट्यानं कसं लिहावं?"

रुद्राणीने लेखणी उचलली आणि लातूरचा पत्ता सावकाश लिहिला. त्याचा चेहरा उतरला.

"पत्ता बदलला तर कळवता येतं ना?" तिने मान वर न करता विचारले.

"येतं."

"मग कळवू की... दोघं मिळून."