पाचवी रेघ

उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी निवडायला मॅरेनला तिच्या सासऱ्यांनी, व्हर्लिन टोलेफसननी, शिकवलं होतं. आधी तोंड बघायचं. छर्ऱ्यांचं काडतूस उडालं की त्याचं मिटलेलं तोंड फुलासारखं उघडतं. आठही पाकळ्यांच्या घड्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. सहा पाकळ्यांची निघाली तर दुसऱ्या बादलीत. मग करंगळी आत घालून कड चाचपायची, चीर लागली की बाद. कानाशी धरून टिचकी मारायची. शेवटी बूड वर करून पितळ बघायचं. ज्या पुंगळीबद्दल मनात दोनदा विचार आला, ती टाकायचीच. "पुंगळ्या ढिगानं मिळतात," व्हर्लिन म्हणायचे, "डोळे दोनच."

पुंगळी पुन्हा भरली की ते बुडावर काळ्या पेननं एक बारीक रेघ ओढत. उजव्या तर्जनीचं टोक मका काढायच्या यंत्रात गेलेलं, त्यामुळे पेन निसटायचं आणि रेघेच्या शेवटी डावीकडे एक आकडी यायची. पाच रेघा झाल्या की पुंगळी बाद, मग ती कितीही देखणी असो. सगळ्यांत अव्वल म्हणजे नव्या काडतुसाची, एकदाच उडालेली. तिला ते 'एकबारी' म्हणायचे.

मॅरेनची लेक सुनिव्हा जन्मली तेव्हा फर्गस फॉल्सच्या दवाखान्यात त्यांनी नातीला हातात घेतलं, तिच्या उघड्या तोंडात डोकावून पाहिलं, टाचेवर हळूच टिचकी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "अस्सल माल. एकबारी आहे. ही मी ठेवून घेतो."

लव्हॉन, मॅरेनच्या सासूबाई, इतक्या हसल्या की नर्सनं दार लावून घेतलं होतं.

व्हर्लिन फेब्रुवारीत गेले. नेमबाजीच्या क्लबातलं कोणी गेलं की त्याची राख काडतुसांत भरून तळ्यावर उडवायची, ही तिकडची रीत. काडतुसं पंचवीस, कारण मातीच्या तबकड्या फोडायची फेरी पंचवीसची असते. ती भरायचं काम मॅरेनकडे आलं. तिनं त्यांच्याच पुंगळ्या निवडल्या, चार-चार रेघांच्या. छर्ऱ्यांवर चमचाभर राख, मग पाकळ्या मिटवायच्या. पाचवी रेघ तिनं लाल पेननं ओढली. काळं पेन लव्हॉननी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवून दहनाला त्यांच्याबरोबर पाठवलं होतं.

मे महिन्यात पाच जणांनी पाच-पाच बार काढले. राख पाण्यावर गेली, नीट गेली. पुंगळ्या लव्हॉनना हव्या होत्या, बरणीत ठेवायला. मॅरेननं गवतातून वेचल्या. चोवीस भरल्या.

ती गुडघ्यापर्यंत भिजली, पण पंचविसावी मिळाली नाही. लव्हॉन गाडीत बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी मॅरेननं क्लबाच्या बादलीतून तशीच दिसणारी एक काढली, पाठमोरी होऊन क्लबातल्या पेनांनी तिच्यावर चार काळ्या आणि एक लाल रेघ ओढली आणि बरणीत टाकली.

"पंचवीस?" लव्हॉननी विचारलं.

"पंचवीस."

उन्हाळा त्यावर निघून गेला. मॅरेन आता घरच्या बंदुकीसाठी एकटीच काडतुसं भरायची. बंदूकही व्हर्लिनचीच, आता तिच्या नवऱ्याची, ब्रँड्टची. शिशाच्या धास्तीनं ती गॅरेजचे कपडे गॅरेजमध्येच काढून ठेवायची, हात कोपरापर्यंत धुवायची, मग लेकीला जवळ घ्यायची. सुनिव्हाला गॅरेजचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. त्याबाबतीत मॅरेन ब्रँड्टचंही ऐकत नसे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, ब्रँड्ट क्लबातून आल्यावर, तिला ती हरवलेली पुंगळी गॅरेजच्या बादलीत दिसली.

चार काळ्या रेघा. एक लाल, तिच्याच हातची. आणि लालच्या पलीकडे आणखी एक काळी. टोकाला, डावीकडे, आकडी.

ब्रँड्ट स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कालचं बटाटे-खिम्याचं हॉटडिश खात होता. त्याच्या केसांत सोयाबीनच्या कापणीची धूळ होती.

"डॅडची असेल जुनी," तो म्हणाला. "गवतातून आली कोणाच्या तरी हाताला."

"सहावी रेघ कोणी ओढली?"

"तूच. वेंधळेपणा झाला असेल."

"मी आकडी काढत नाही."

"मग क्लबातल्या ऑर्व्हलची चेष्टा. त्या म्हाताऱ्याला दुसरा उद्योग काय?" त्यानं काटा चाटला. "मॅरेन, रिकामी पुंगळी आहे गं ती."

तिनं पुंगळी गॅरेजमधल्या जाकिटाच्या खिशात घातली आणि चेन ओढली. बुधवारी लव्हॉनकडे जायचं होतं. त्या भांडी विसळत असताना बरणीतली खोटी काढायची, खरी आत टाकायची, आणि विषय संपवायचा.

बुधवारी चेन बंदच होती. खिसा रिकामा होता.

दुसऱ्या रविवारी ब्रँड्टच्या पिशवीत तिनं स्वतः पंचवीस काडतुसं मोजून भरली. संध्याकाळी पिशवी टेबलावर उलटी केली. सव्वीस पुंगळ्या निघाल्या.

"शेजारच्या नेमबाजाची उडून आली असेल," बाहेरून ब्रँड्ट म्हणाला.

तिनं एकेक पालथी केली. बंदुकीची पिन बुडातल्या टोपीवर खड्डा पाडते, आणि प्रत्येक बंदुकीचा खड्डा वेगळा. व्हर्लिनच्या बंदुकीचा मध्यापासून जरा खाली, डावीकडे. सव्वीसच्या सव्वीस टोप्यांवर तोच खड्डा होता. शेवटच्या पुंगळीवर आता लाल रेघेपलीकडे दोन काळ्या होत्या. तोंडाच्या कडेला नखाएवढी चीर गेली होती.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. चिरलेल्या पुंगळीचा तुकडा सुटून नळीत अडकला तर पुढच्या बाराला नळी फाटते, आणि ती फाटते ती बंदूकवाल्याच्या डाव्या हाताशी, चेहऱ्यापासून दीड वितीवर. हेही व्हर्लिननीच शिकवलं होतं. पुंगळी कोण भरतंय, हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला. ती ब्रँड्टच्या बंदुकीतून उडतेय, एवढं तिला पुरे होतं. सकाळी टेबलावर पंचवीसच पुंगळ्या उरल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी ती क्लबात त्याच्याबरोबर गेली. सुनिव्हा गाडीत मागे झोपलेली, काचा चार बोटं खाली, गाडी डोळ्यांसमोर. तळ्यावरून गार वारा येत होता. ब्रँड्टची फेरी लागायच्या आत तिनं त्याच्या कमरेची पिशवी सोडवून बाकावर ओतली.

"आल्या विमानतळावरच्या बाई," ऑर्व्हल म्हणाला. "ब्रँड्ट, बूटसुद्धा काढ रे."

सगळे हसले. मॅरेन मोजत राहिली. वीस. चोवीस. पंचवीस.

सव्वीस.

सव्विसावं भरलेलं होतं. आठ पाकळ्या घट्ट मिटलेल्या, कालच भरल्यासारख्या. टोपी कोरी. लालपलीकडे तीन काळ्या रेघा.

"टोलेफसन, चौथी जागा," कोणीतरी पुकारलं.

"काय गं?" ब्रँड्टनं विचारलं.

"एक जादा होतं."

"जादा कसं होईल? तूच मोजलीस ना?"

"जा तू."

ती मुठीत काडतूस घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला गेली. संशयाचं काडतूस व्हर्लिन चाकूनं उघडून बघायचे, तसं तिनं ते फळीवर आडवं धरलं आणि तोंडाखालून सावकाश कापलं.

छर्रे नव्हते. दारू नव्हती. राख होती. तिनं ती हातावर ओतली. तळहात भरला तरी राख येत राहिली.

मागे बार वाजत होते. पाच जणांच्या बारांतून ती फक्त ब्रँड्टचे मोजत होती. पंचवीस झाले. सव्विसावा आला नाही. तो हसत परत आला, दोन्ही हात, दोन्ही डोळे जागच्या जागी. तिनं हात सहा वेळा धुतले.

त्याच दुपारी ती लव्हॉनकडे गेली. बरणी सिंकवरच्या खिडकीत होती, ऊन तिच्यातून आरपार येत होतं. लव्हॉननी रूबार्बच्या आंबटगोड वड्या काढल्या, कॉफी ओतली. मॅरेननं सगळं सांगितलं, मे महिन्यापासूनचं.

"एक खोटी आहे ते मला त्याच दिवशी कळलं," लव्हॉन म्हणाल्या. "सहा पाकळ्यांची आहे ती. घाईत बघितलं नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी भिजून आली होतीस. म्हटलं, असू दे. व्हर्लिन बघून घेईल."

मॅरेननं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"चोवीस घेऊन तो कधी घरी आला नाही," लव्हॉन कपाशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "एक कमी पडली की शोधत बसायचा. मी जेवायला थांबलेली. मिळायचीच म्हणा त्याला."

मॅरेननं रुमाल सोडून कापलेली पुंगळी टेबलावर ठेवली. "ही घ्या. हीच ती पंचविसावी. आता खोटी काढून टाका."

लव्हॉननी पुंगळीला हात लावला नाही.

"कापलीस?"

"ब्रँड्टच्या पिशवीत होती, लव्हॉन. भरलेली. मी काय करणार होते?"

"कापलेली तो परत घेत नाही."

मॅरेननं पुंगळी पुन्हा रुमालात गुंडाळली.

"मग अशा वेळी ते काय करायचे?" मॅरेननं विचारलं.

"दुसरी निवडायचा. स्वतः." लव्हॉननी वड्यांची ताटली तिच्याकडे सरकवली. "घे ना. सुनिव्हाला बांधून देते चार."

त्यानंतर काही झालं नाही. तीन रविवार पंचवीस गेली, पंचवीस आली. मॅरेनला झोप लागू लागली. तळ्यावरचे पक्षी दक्षिणेला गेले. दहा ऑक्टोबरला सुनिव्हाला चार वर्षं पूर्ण झाली.

त्या सकाळी घरात केकचा वास होता. लव्हॉन अकराला येणार होत्या. ब्रँड्ट पोर्चवर फुगे बांधत शिव्या घालत होता. मॅरेननं लेकीला पलंगावर बसवलं, नवे पांढरे मोजे उलगडले.

सुनिव्हानं आपणहून तोंड उघडलं. आ करून थांबली.

"काय गं? दात दुखतोय?"

"नाही. आधी तोंड बघायचं."

मग तिनं मान वाकडी करून कान पुढे केला, जरा वेळ तशीच राहिली, आणि मग शहाण्यासारखी उताणी पडून पाय वर केला. टाच आईकडे.

टाचेवर काळ्या रेघा होत्या. बारीक, एकाखाली एक. चार.

मॅरेननं अंगठा फिरवला. वरच्या तीन हलल्या नाहीत. त्या कातडीच्या आतून आल्यासारख्या होत्या, जुन्या.

चौथी ओली होती. अंगठ्याखाली ती पसरली, फक्त टोकाची आकडी तेवढी राहिली, डावीकडे वळलेली.