बसल्या बैलाची टेकडी

बंडूजीच्या एका खोडीने सारं घर वैतागलं होतं. हा माणूस कोणतंच काम शेवटाला नेत नसे. मधात बसायचा.

विहिरीवर पाठवा, अर्ध्या वाटेत पारावर बसेल. केळझरच्या बाजाराला पाठवा, वाटेतल्या पुलावर बसेल. बसला की बिडी. ती विझली की दुसरी. देवाने पाय दिले होते चांगले धडधाकट, पण यानं ते दुमडूनच ठेवले.

मनकर्णाबाई त्याची थोरली वहिनी. सासू लवकर गेली, म्हणून या दिराला तिनेच न्हाऊ-माखू घालून मोठं केलं होतं. त्यामुळे तिची जीभ त्याच्यावर मोकळी चालायची, आणि तो मुकाट ऐकून घ्यायचा.

"बंडू, तुले लोकं सरणावर नेतीन नं, तं तू तिथीबी बिडीसाठी उठून बसशीन."

तो हसायचा. सारे हसायचे.

...तेव्हा हसायचे.

पुढचं जे आहे ते खरं घडलेलं आहे. सेलू तालुक्यात, केळझरच्या पलीकडे. सन एकोणऐंशी, सीताफळाचे दिवस. ज्याला खोटं वाटत असेल त्याने दिवेलागणीला त्या टेकडीच्या नाल्यापाशी एकट्याने उभं राहावं. मग बोलावं.

टेकडीचं नाव बसल्या बैलाची टेकडी. गावाकडून पाहिलं तर खरंच बैल पाय मुडपून बसल्यासारखी दिसते. वशिंडावर साग, पाठीवर सीताफळाचं रान, पोटाशी नाला. मधल्या चढावर वाट जिथे वळते, तिथे एक जुनं मोहाचं झाड. त्याच्याखाली उभं राहिलं की खाली कपाशीची वावरं दिसतात, आणि वारा तिकडचा असला की लांबून गाडीची शिटी ऐकू येते.

त्या टेकडीवर बंडूजीची लेक गेली.

शकू तिचं नाव. आठ-नऊ वर्षांची असेल. आई बाळंतपणातच वारलेली, म्हणून तीही मनकर्णाबाईच्याच पदराखाली वाढलेली. बाप बसला की त्याच्या खांद्यावर चढायची आणि म्हणायची, "चाल बाबा, उठ." तिच्यापायी तेवढा तो उठायचा.

त्या दिवशी बायांसोबत ती सीताफळं तोडायला गेली. संध्याकाळी बाया टोपल्या घेऊन उतरल्या.

शकू उतरली नाही.

सारं गाव टेकडीवर गेलं. कपारी पाहिल्या, नाला पाहिला, झुडूप न् झुडूप हलवलं. वशिंडावर एका फटीपाशी तिची एक चप्पल सापडली. रबरी, निळ्या पट्ट्याची. उजव्या पायाची.

बाकी काही नाही.

त्या घराण्यात एक रीत होती. माणूस बाहेर गेला आणि देह सापडला नाही, तर त्या जागेवरचा एक दगड उचलायचा. त्याच्याच कपड्यात गुंडाळायचा. 'चाल, घरी चाल' म्हणायचं आणि खांद्यावर घेऊन निघायचं. वाटेत बोलायचं नाही. मागे पाहायचं नाही. आणि काही झालं तरी दगड खाली ठेवायचा नाही.

आणणारा रक्ताचाच लागतो. सून चालत नाही.

चालत असती, तर मनकर्णाबाई स्वतःच गेली असती; नवरा तर कधीचाच वारला होता. तिने बंडूजीच्या हातात शकूचा फ्रॉक दिला आणि म्हणाली, "आजच्या दिवस बसू नको रे बाप्पा."

दिवेलागणीला तो परत आला. मनकर्णाबाई दिवा घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"आली का?" तिने रीतीप्रमाणे विचारलं.

बंडूजीचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"...आली."

फ्रॉकात गुंडाळलेला दगड कोनाड्यात ठेवला. समोर पाण्याची वाटी. रोज संध्याकाळी घासभर भाकर.

मनकर्णाबाईचा सासरा वर्धा नदीच्या पुरात गेला होता. त्याचा दगड आणला, तेव्हा वाटीतलं पाणी रोज बोटभर कमी व्हायचं. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शकूची वाटी तिने सकाळी पाहिली.

काठोकाठ.

दुसऱ्या दिवशी पाहिली... काठोकाठ. महिना गेला. होळी गेली. पोळा गेला. पाणी हललं नाही. स्वप्नात शकू आली नाही. घरात साधी चाहूल नाही.

"रुसली असन," मनकर्णाबाई स्वतःलाच सांगायची. "मीच बोलली होती तिले त्या दिवशी. येनी नीट घालू देत नव्हती."

पुन्हा सीताफळं डोळे फोडू लागली, आणि एका दुपारी नत्थू गायकी दारात येऊन उभा राहिला. गावाची गुरं तोच टेकडीवर चारायला नेई.

"बाई, एक सांगू का? रागावसान नाई नं?"

"रागवाचं असन तं रागवीनच. सांग."

"गाई मोहाखालून सरळ येत नाईत आता. वळसा घेतेत. वाटेत लेकरू बसलं असन, आन त्याले खूर लागू नये... तशा."

"जनावर आहे. कशालेबी भेते."

"भेत नाईत, बाई." नत्थूने डोक्याचा शेला काढून हातात घेतला. "कपिलेनं काल तिथी मान खाली केली. चाटल्यावानी करून राह्यली होती. वासराले चाटते तशी."

"कोणाले?"

"...हवेले."

मनकर्णाबाई आत गेली. कोनाड्यापुढे उभी राहिली. वर्षभरात तिने तो फ्रॉक सोडला नव्हता, लेकराची झोपमोड करू नये तसा. आज सोडला.

आत दगड होता. गोल, गुळगुळीत, पाण्याने घासलेला.

टेकडीवरचा दगड असा नसतो. तो कोनाकोनाचा, लाल मुरूम चिकटलेला.

हा नाल्यातला गोटा होता.

बंडूजी ओट्यावर बसला होता. अर्थातच. तिने गोटा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"बंडू, हा कोठचा?"

त्याची बिडी हातातून पडली.

"जड झाली होती, वहिनी."

"दगड जडच असते."

"नाई. वशिंडावर उचलला तवा काहीच वजन नव्हतं. उतरता उतरता... मोहापाशी आलो, आन जड झाला. झोपलं लेकरू कसं जड होते? तसा. इथी मानेवर गरम श्वास लागून राह्यला होता." त्याने आपल्या मानेला हात लावला. "मी भेलो. खाली ठेवला. जरासाक बसलो. फ्रॉक हातातच राह्यला, दगड घरंगळला. मंग उचलाले वाकलो तं... सारे दगड सारखेच."

"मंग?"

"तुमी दिवा घेऊन उभ्या असान, हे माहीत होतं. रिकामा कसा येऊ?"

मनकर्णाबाईची जीभ त्या दिवशी पहिल्यांदा अडली. नंतर ती फार हळू बोलली.

"जड झाली म्हणजे ती बसली होती, बंडू. तुह्या खांद्यावर. घरी याले निंघालं होतं लेकरू. आन तू तिले खाली ठेवलं."

त्याच दुपारी ती त्याला घेऊन टेकडीवर गेली.

नाला ओलांडला. सीताफळाच्या झुडपांतून वर चढले. मोहाखाली आले. दगडच दगड. हाताएवढे, डोक्याएवढे, मुरमात अर्धे रुतलेले.

"उचल," ती म्हणाली.

बंडूजी एकेक दगड उचलायचा, 'चाल शकू, घरी चाल' म्हणायचा, खांद्यावर ठेवायचा. थांबायचा.

हलका.

दुसरा. हलका. पुढचा. तोही हलका. बोटं सोलली, नखांतून रक्त आलं. त्या दिवशी तो एकदाही बसला नाही. आता काय उपयोग होता?

उन्हं उतरली. खाली वावरं काळी पडली. पाखरं एकाएकी गप्प झाली.

"चाल आता," मनकर्णाबाई म्हणाली.

दोघं उतरू लागले आणि मागून आवाज आला...

चट्...

मग काहीच नाही.

चट्...

मग काहीच नाही.

मनकर्णाबाईला कळायला वेळ लागला नाही. एका पायात चप्पल असेल आणि दुसरा पाय अनवाणी असेल, तर चालणं असंच वाजतं. उजव्या पायाची चप्पल तर घरी पेटीत होती.

मागे पाहायचं नाही, ही रीत तिला ठाऊक होती. ती तशीच वाटेत खाली बसली. पाठ वाकवली. दोन्ही हात मागे केले.

"ये माय. मोठी आई आहे. पाठीवर ये."

आवाज थांबला. अगदी पाठीशी थांबला.

तिने वाट पाहिली. पाठीवर वाऱ्याएवढंही वजन आलं नाही.

सून चालत नाही.

ती उठली. पुन्हा चट्... आणि काहीच नाही. नाल्यापर्यंत. दोघं नाला ओलांडून अलीकडे आले, आणि पलीकडच्या काठावरून, थकलेल्या लेकराच्या आवाजात...

"बाबा... उचल नं."

बंडूजी पाण्यातून धावत मागे गेला. हात पसरून कितीतरी वेळ काठावर फिरत राहिला, आंधळ्यासारखा. हाताला काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईने पेटीतली चप्पल काढली आणि मोहाच्या बुंध्याशी ठेवून आली. पुन्हा पाहायला गेली तेव्हा चप्पल तिथे नव्हती. कोल्ह्याने नेली असेल, लोक म्हणाले. असेलही.

पण तेव्हापासून नत्थू सांगतो, संध्याकाळी गुरांच्या मागे नाल्यापर्यंत जे चालत येतं, ते आता दोन्ही पायांनी चालतं.

चट् चट्. चट् चट्.

नाल्यापाशी थांबतं.

पुढची सारी वर्षं बंडूजी सीताफळाच्या दिवसांत टेकडीवर जायचा, दगड उचलायचा, रिकामा परत यायचा. मनकर्णाबाई त्याला टोचून बोलेनाशी झाली. कोनाड्यातली वाटी मात्र तिने हलवली नाही. ती आजही रोज सकाळी वाटीत डोकावते. आजही काठोकाठ.

सन शहाऐंशीच्या थंडीत बंडूजीने अंथरूण धरलं. बिडीने छाती खाल्ली होती. एका संध्याकाळी त्याने मनकर्णाबाईचा पदर धरला.

"वहिनी... मी गेल्यावर माह्या चितेवरचा दगड घरीच ठेवसान नं? शकूच्या कोनाड्यात?"

तिने त्याचा हात पदरावरून सोडवला. पण टाकला नाही. आपल्या हातात धरून ठेवला.

"नाई, बंडू. घरी नाई. तुले मी स्वतः नेऊन मोहाखाली ठेवीन. जल्मभर मधातच बसला नं? आता बस. लेकरू एकटं आहे तिथी. आन या खेपेले... उठू नको."