भोपळ्यांच्या मळ्यातले ठोके

"काल इथे एक चपटा, हिरव्या पट्ट्यांचा भोपळा होता. मीच ठेवला होता," देवव्रत म्हणाला. "आज नाहीये."

"कुणीतरी भाजीला नेला असेल," सई म्हणाली.

"मग त्याची पावलं कुठं हायत?" तेजस्वीने खाली बोट दाखवलं.

सई वाकली. रात्रभर दव पडून ढिगाभोवतीची माती लोण्यासारखी मऊ झाली होती. त्यात बगळ्याची नखं उमटली होती, खेकड्याची तिरकी नक्षीसुद्धा उमटली होती. माणसाच्या पावलाचा मात्र मागमूस नव्हता.

सई आईबरोबर पनवेलहून चौलला भाऊमामाकडे भाऊबीजेला आली होती, ती खरी या भोपळ्यांसाठी. मामाने यंदा खाडीलगतचं एक पडीक शेत विकत घेऊन त्यात लाल भोपळे लावले होते. झाडोरा तोडून शेत सपाट करणं मामाकडे कामाला असलेल्या विनेशकडे होतं आणि आता तिथे पाहुणे आणणंही त्याच्याचकडे. उद्या मुंबईहून सुट्टीतल्या शिबिराची मुलं येणार होती. वेलींमधून हिंडायचं, आपल्या हाताने भोपळा तोडायचा, गरम घारगे खायचे आणि शेवटी भोपळ्यांच्या ढिगावर बसून फोटो काढायचा, असा सगळा बेत होता. तो पूर्ण उपभोगायचा म्हणून सईने आईकडून मुक्काम वाढवून घेतला होता; आई एकटीच परत गेली होती. मामेभाऊ देवव्रत आणि शेजारच्या वाडीतली त्याची मैत्रीण तेजस्वी तिच्या दिमतीला होतेच.

ढीग शेताच्या पार टोकाला होता. सगळीकडे वेलींचं हिरवं रान माजलेलं असताना तेवढ्याच एका गोल तुकड्यावर काही रुजलं नव्हतं, म्हणून विनेशने नेमके तिथेच भोपळे रचले होते. ढिगामागे पुन्हा मांडीएवढी उंच पानं होती.

"माझी आजी म्हणते, इथं जागेचा राखणदार हाय, न दिसणारा," तेजस्वी हळूच म्हणाली. "पूर्वी रान होतं तेव्हा भर दुपारी इकडं कुणी फिरकत नसे."

"रात्री घाबरतात लोक. दुपारी काय घाबरायचं?" सई हसली.

तेजस्वी हसली नाही.

त्या दुपारी जेवण उरकून तिघं बांधाआड दबा धरून बसली. चोर असेल तर सापडेल, असा देवव्रतचा हिशोब होता. ऊन टळटळीत होतं. वारा पडला होता. खाडीला भरती लागली होती आणि बांधापलीकडे पाणी गुपचूप वर चढत होतं. माणूस नाही, कुत्रं नाही, पाखरूसुद्धा नाही. इतकी शांतता सईने आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

आणि मग आवाज आला.

ठप्.

"नारळ पडला का?" देवव्रत कुजबुजला.

ठप्... ठप्.

आवाज झाडांवरून येत नव्हता. समोरून, जमिनीतून येत होता. बंद दारावर आतून कुणीतरी, अजिबात घाई न करता, थाप मारावी तसा. सई रांगत पुढे गेली. तिने ढिगाजवळच्या मातीवर तळहात टेकला आणि झटक्यात मागे ओढला. पुढची थाप तिला ऐकू यायच्या आधी हाताला लागली होती. पाठोपाठ जमिनीने एक लांब, ओलसर उसासा टाकला. त्याला कुजक्या शेवाळाचा वास होता.

तेजस्वीने सईचं मनगट घट्ट धरलं. "तिकडं बघ."

ढिगाच्या मागच्या कडेचा एक भोपळा हलत होता. हात नाही, काठी नाही, वारासुद्धा नाही. तो जरासा कलला, थांबला, जणू विचार करत होता, आणि पानांमध्ये घसरत गेला. पानं थरथरली आणि मिटली. क्षणभर काहीच नाही. मग फार खोलवरून आवाज आला.

डुबुक.

तिघं घरापर्यंत न थांबता पळाली.

संध्याकाळी तिघांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. मामीने विचारलं तेव्हा "ऊन लागलं" म्हणून वेळ मारून नेली. पण सईच्या कानातून तो शेवटचा आवाज जाईना. भूत भोपळा घेऊन गेलं तर तो पाण्यात कसा पडेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा शिबिराच्या मुलांना आणायला मांडव्याच्या धक्क्यावर गेला आणि मामी घारग्यांचं पीठ मळायला बसली. तेव्हा सईने अंगणातला लांब बांबू उचलला.

"मला परत बघायचंय. एकटीने नाही," ती म्हणाली. भीती वाटत होती हे तिने लपवलं नाही, म्हणून की काय, दोघंही मुकाट उठली.

ढिगाच्या मागे सई पोटावर झोपली. पानांच्या लवेने हात खाजत होते. तेजस्वीने सईचे पाय धरले आणि सईने पानांखाली बांबू सरकवला. आधी तो पत्र्यावर खणखणला. मग एकाएकी त्याच्याखालचं सगळं नाहीसं झालं. बांबू आत गेला, आणखी आत गेला, कोपरापर्यंत हात गेला तरी टोकाला काही लागेना. देवव्रतने एक खडा दिला. सईने तो सोडला आणि श्वास रोखला.

डुबुक.

"विहीर," तेजस्वी म्हणाली. "विहीर हाय इथं. वर पत्रा टाकून माती लोटलीय."

"आणि त्या थापा?" देवव्रतचा चेहरा अजून पांढराच होता.

"भोपळा बुडतो का कधी?" सई सावकाश बोलत होती, कारण बोलता बोलताच तिला ते दिसत होतं. "तो तरंगतो. खाडीचं पाणी कुठूनतरी आत येत असणार. भरतीला आतलं पाणी हलतं आणि पडलेले भोपळे भिंतीवर आपटतात. तो उसासा म्हणजे पाण्याने वर ढकललेली हवा."

गूढ उकललं होतं. पण कुणाला हलकं वाटलं नाही. तिघांची नजर एकदमच त्या ढिगावर गेली. थोड्या वेळाने त्याच्यावर मुलं चढून बसणार होती.

विनेश फाटकापाशी झेंडूचं तोरण बांधत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अरे, वासे टाकलेत खाली, जाडजूड. वर पत्रे, वर माती. टेन्शन नका घेऊ."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सईने विचारलं.

"खाऱ्या पाण्याची जुनी विहीर. कशाला कुणाला घाबरवायचं? सुट्टी संपली की भरून टाकू. भाऊंना मीच सांगेन. जा, खेळा."

"पत्रा कडेला गंजलाय, काका. भोपळे आत पडतायत."

"मोठ्यांच्या कामात लुडबुड नको," विनेश म्हणाला आणि तोरणाकडे वळला.

सईने मामाला फोन लावला. तो गाडी चालवत असणार, उचलला नाही. "देवव्रत, घरी पळ. मामीला घेऊन ये, असेल तशी," ती म्हणाली. देवव्रत बाणासारखा सुटला. पण तो वाडीच्या वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच मुलांची बस आली; मामाची गाडी मागे राहिली होती.

मुलं उतरली ती थेट ढिगाकडेच धावली. त्यांच्याबरोबरच्या क्रांतीताई मागून हाका मारत होत्या. सई आणि तेजस्वी आडव्या बांबूचा अडसर धरून वाटेत उभ्या राहिल्या.

"पुढे जाऊ नका. खाली विहीर आहे."

"गंमत करतायत पोरी," विनेश पुढे येत हसला. "या बाळांनो, रांगेत या."

क्रांतीताई गोंधळल्या. एकीकडे मोठा माणूस, दुसरीकडे दोन अनोळखी मुली. एक लहानगी बांबूखालून वाकून पलीकडे निघालीसुद्धा होती. तेजस्वीने तिला झग्याला धरून मागे ओढलं. ओरडून उपयोग नाही, हे सईला कळलं. ओरडणाऱ्या मुलांचं कोण ऐकतं? ती वळली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बरं. मग पहिला फोटो विनेशकाकांचा. एवढं सगळं त्यांनी उभं केलंय. काका, तुम्ही बसा ना ढिगावर."

मुलांना कल्पना पसंत पडली. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. विनेश हसत दोन पावलं पुढे गेला. मऊ माती जिथे सुरू होत होती तिथे त्याचा पाय हवेत थांबला, आणि परत मागे आला.

"माझा कशाला... मुलांचा घ्या," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

टाळ्या विरत गेल्या. त्या शांततेत जमिनीखालून आवाज आला.

ठप्... ठप्...

लहानगीने तेजस्वीचा हात धरला. क्रांतीताई विनेशकडे वळल्या. "तुम्ही का नाही बसत? खाली काय आहे?"

विनेशने मान खाली घातली. उत्तर जमिनीनेच दिलं. आत काहीतरी लाकडी कडकडलं, पत्रा किंचाळला आणि भोपळ्यांचा तो केशरी डोंगर मधोमध खचला. एकेक भोपळा आतल्या अंधारात ओढला गेला, त्यांच्यामागे फोटोसाठी मांडलेला बाक गेला, माती गेली. खालून येणारे आवाज बराच वेळ थांबलेच नाहीत. धूळ बसली तेव्हा समोर काळं, गोल तोंड उघडं पडलं होतं.

पिठाचे हात तसेच घेऊन मामी धावत आली, तिच्यामागे देवव्रत. मामा पोचला तोवर क्रांतीताईंनी मुलांना पार फाटकाबाहेर नेऊन पुन्हा पुन्हा मोजलं होतं. सगळी होती.

मामाने सगळं ऐकलं. विनेशला तो एवढंच म्हणाला, "तू त्या मुलीला उत्तर दिलंस, 'जा, खेळा'?" मग मामाने त्याच्याकडून तो सगळा कोपरा दोरीने बंद करून घेतला आणि विहिरीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधेपर्यंत तिथून हलायचं नाही असं बजावलं.

क्रांतीताईंनी तिघांना जवळ घेतलं. "मी तुमचं ऐकायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही भ्यायलात, तरी वाटेतून हटला नाहीत."

"माझ्या जमिनीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, ते तुम्ही शोधलंत," मामा म्हणाला. "तुम्ही तिघं नसता, तर..." त्याने सईच्या खांद्यावर हात ठेवला.

घारगे घरच्या अंगणात वाढले गेले. खाऊन झाल्यावर ती लहानगी सईपाशी आली. "मला भोपळा तोडायचाय. चालेल?"

"चालेल. अलीकडच्या बाजूला खूप आहेत," सई म्हणाली. तिने तिचं बोट धरलं आणि दोघी वेलींमध्ये शिरल्या. ऊन कोवळं झालं होतं, पानांतून केशरी पाठी चमकत होत्या, लहानगी अखंड बडबडत होती. सई हसून उत्तरं देत होती. पण प्रत्येक पावलाआधी ती टाच आपटून जमीन वाजवून बघत होती.