पोटातलं ओठांवर

पहिल्या भेटीत मी त्याला नाव-गाव काही विचारलं नाही. जिना चढून धापा टाकत वर आले, त्यानं दार उघडलं, आणि मी एवढंच म्हटलं, "बाथरूम कुठंय?"

त्यानं बोट दाखवलं. मी पळाले.

परत आले तेव्हा तो हेडफोन गळ्यात अडकवून तिथंच उभा होता.

"कादंबरी वाचायला येणार होत्या, त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, तेवढ्यासाठीच आलात."

मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

तो स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट. तिथं ऐकायची पुस्तकं तयार व्हायची. काचेच्या एका बाजूला बसून मी वाचायची, दुसऱ्या बाजूला बसून तो ऐकायचा. सगळे त्याला कानसेन म्हणायचे आणि ते काही उगाच नव्हतं. पानाची सळसळ, कानातल्याची किणकिण, मी गिळलेला आवंढा… त्याच्यापासून काही लपायचं नाही. आणि नेमकं मला लपवायचं होतं.

मला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार आहे. औषधांनी ताब्यात राहतो, मधूनच उसळतो. मग पोटात कळ येते आणि थांबायला सवड म्हणून देत नाही. त्यापायी माझी आधीची ऑफिसातली नोकरी सुटली होती. वाचायचं हे काम मात्र मला मनापासून आवडलं होतं. म्हणून इथं कुणाला काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी नायिकेच्या विरहाचं पान ऐन रंगात आलेलं असताना कानात त्याचा आवाज आला.

"थांबा जरा, पुन्हा एकदा घेऊ या. मागे कुणीतरी गुरगुरतंय."

मी पोटावर हात दाबून धरला.

"आत मांजर आहे का?"

"पोट आहे," मी म्हटलं. "आज नाश्ता नाही केला मी."

थाप मारली खरी, पण ती अंगाशी आली. दुसऱ्या दिवसापासून तो आईच्या हातचा डबा माझ्यापुढे सरकवू लागला. झाकण उघडलं की मसाल्याचा असा घमघमाट सुटायचा… तोंडाला पाणी यायचं आणि पोटात गोळा. "नको, भूक नाही," म्हणून मी डबा तसाच परत करायची. तो डबा मागे घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे सरकवायचा. पण काचेपलीकडून माझ्याकडे बघणं त्यानं कमी केलं. ते मला नको तितकं जाणवायला लागलं.

मग आजारानं डोकं वर काढलं. सकाळभर मी वाचत कमी होते, पळत जास्त. असं दोन-चार दिवस चाललं, आणि स्टुडिओच्या मालकीणबाई आत आल्या. त्यांना आम्ही ताई म्हणायचो.

"पुस्तक पुढे का सरकत नाहीये?"

"माइक बिघडलाय, ताई," कानसेन चटकन म्हणाला. "सारखी खरखर येतेय."

त्या गेल्यावर मी बाहेर आले. "माइक चांगला आहे."

"ठाऊक आहे."

"मग खोटं का बोललात?"

तो वायर गुंडाळत बसला. चांगली गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळू लागला. "तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला आणलं असतं…"

"मग? वाचलं असतं त्यांनी."

"मला नसतं आवडलं."

कानशिलं गरम झाली माझी. रागही आला होता आणि बरंही वाटत होतं. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं — आजार, गोळ्या, सुटलेली नोकरी.

"म्हणजे तो डबा…"

"तिखट सोसत नाही मला."

"आणि मी समजत होतो, मीच आवडत नाही."

"मी डब्याला नको म्हटलं," मी म्हटलं. "तुम्हाला कुठं काय म्हटलं?"

त्याच्या हातातली वायर पार सुटली. मी उठले आणि तशीच ताईंच्या खोलीत गेले. आता थांबले असते तर धीर राहिला नसता.

"ताई, मला आतड्याचा आजार आहे. सकाळी त्रास जास्त असतो, दुपारी बरी असते. दुपारचं काम दिलंत तर पुस्तक वेळेत पुरं करीन. पण मध्येच उठावं लागेल, त्याला माझा इलाज नाही."

ताई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"आधी सांगायचंस ना, बाई. मला वाटलं, तुला पुस्तकच पसंत नाही. सकाळी मी जाहिरातींचं रेकॉर्डिंग घेते, तू दुपारी येत जा." मी वळले तशा म्हणाल्या, "आणि त्याला म्हणावं, माइकला काही झालेलं नाही. मलाही कान आहेत."

दुपारचं काम सुरू झालं. नवी औषधं लागू पडली, आजार निवला, आणि पुस्तक ठरल्या वेळेत संपलं. त्या संध्याकाळी हेडफोन खुंटीला अडकवत त्यानं विचारलं, "चहाला येणार?"

"चहा नाही चालत मला."

"कॉफी?"

"मुळीच नाही."

"मग चालतं तरी काय तुम्हाला?"

"चालायला चालतं," मी म्हटलं. "आणि अहो-जाहो सोडलंत, तरी चालेल."

आम्ही तळ्याकाठच्या रस्त्यानं निघालो. भुरभुर पाऊस सुरू झाला तसे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. खांद्याला खांदा लागत होता, आणि दोघांपैकी कुणीच सरकत नव्हतं.

"हे जाणारं दुखणं नाही," मी म्हटलं. "आत्ता बरं आहे, पण पुन्हा उसळेल. यायचं ठरवून मी ऐनवेळी यायचीच नाही, असं कितीदा तरी होईल."

"तू आली नाहीस, तर मी येईन."

"आणि दार उघडायचंही त्राण नसलं तर?"

"दाराबाहेर बसेन. आतून तुझा आवाज आला की झालं." तो थांबला. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणारा माणूस स्वतःच्या वाक्यात अडकला होता. "मला तू आवडतेस… फार. तुला मी…?"

बोलणं हेच माझं काम, तरी मी नुसती मान डोलावली.

"हे ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"पुन्हा एकदा घेऊ या."

मी पुन्हा म्हटलं — या खेपेला सावकाश, त्याचा हात हातात घेऊन.