चालू असलेला वेढा

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, हे कोरेटोल्याच्या शाळेला रंगीत पुस्तकांवरून कळलं. छप्पर गळत होतं तसंच गळत राहिलं. पण अहेरीहून बैलबंडीने एक पेटी आली आणि तिच्यातून मध्ययुगाचा सचित्र इतिहास निघाला. सोमाजी मास्तरांनी खडू मागितले होते, राजे आले.

मास्तरांचं इतिहासाशी वैर नव्हतं. त्यांचं भांडण भूगोलाशी होतं. बायको भागीरथा गोंडपिपरीला, ते इथे जंगलात, आणि मध्ये नद्या. मुलगी झाल्याचं पत्र येऊन महिने लोटले, तरी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. बदली हवी होती. बदली निरीक्षक साहेबांच्या हाती होती, आणि साहेबांनी कळवलं होतं की यंदा तपासणी इतिहासाची.

पुस्तकाच्या मधल्या पानावर एका गोंड राजाचा किल्ला होता, भोवती शत्रूचा वेढा. चित्रकाराने इकडचं जंगल कधी पाहिलं नसावं, कारण त्याने किल्ल्याला नारळाची झाडं लावली होती. तटावर, धुरात, बोटाच्या पेराएवढी माणसं. पाटीवर 'अ' गिरवताना पेंगणारी पोरं या पानावर मात्र गुळाला माश्या बसाव्या तशी बसली.

"हा पोचू," सोमारी नावाच्या पोरीने एका शिपायावर बोट ठेवलं.

"आणि हा?"

"जंगू. मांडीले बाण लागला त्याच्या."

चित्रात जंगूचं फक्त पागोटं दिसत होतं, बाकीचा तो तटाआड होता. मास्तर खूश झाले. मुलाने चित्रात शिरलं पाहिजे, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. सोमारी चांगलीच आत शिरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी चैतूला एकट्याला बोलावून त्याच पागोट्यावर काडी टेकवली.

"जंगू," चैतू म्हणाला. "आता बरा हाय. उठून बसते."

मास्तर शिकलेले होते. घाबरायच्या आधी त्यांनी कारण शोधलं आणि त्यांना ते सापडलं: पोरं आपसात बोलतात. पुढे प्रार्थनेनंतर किल्ल्याची खबर रोजच येऊ लागली. शेजारच्या गावी दिलेल्या बहिणीबद्दल बोलावं, तशी पोरं बोलत. काल दरवाज्यावर हत्ती आणला होता. पाणी कमी पडून राह्यलं. आंबील पोचली.

आंबील गावाला माहीत होती. दिवस कलला की प्रत्येक घराच्या कुंपणाबाहेर पानाच्या द्रोणात आंबील ठेवली जाई आणि सकाळी द्रोण रिकामे असत. गावातली कुत्री धष्टपुष्ट आहेत, एवढीच नोंद मास्तरांनी मनात घेतली होती. आता नीट पाहिलं तर कुत्री हडकुळी होती.

एका दुपारी मुखरू शाळेच्या दारात येऊन बसला. मुखरू गावचा गायता. देवांचं आणि मेलेल्यांचं तोच पाही.

"मास्तर, पोराईले पुढचं पान शिकवू नका."

पुढच्या पानावर किल्ला पडला होता. आकाशात गिधाडं होती आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती.

"काऊन, मुखरूभाऊ?"

"आमच्यात गोटा गाडल्याबिगर मानूस मरत नाई. आमचे लोक त्या किल्ल्यावर गेले. मेले म्हून कोनं येऊन सांगतलंच नाई, मंग गोटे कसे गाडाव? आंबील ठेवतो."

"भाऊ, इतिहास आहे हा. चारशे वर्षं झाली त्याला."

"तुमच्या इथी झाली असन. आमच्या इथी वेढा चालू हाय."

मास्तर हसले. "आणि मी सांगितलं तर?"

"तर गोटे गाडू, आंबील बंद करू. शिकलेल्या मानसाचा शब्द हाय तो." मुखरूने तंबाखू मळली. "मंग त्याईनं जाव कुठी?"

हा प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायात नव्हता.

साहेब जीपने आले. कोंबडी खाल्ली, ढेकर दिली, पुस्तक उघडलं.

"या वेढ्याचा शेवट काय झाला?"

पोरं गप्प. साहेबांनी पेनचं टोपण लावायला घेतलं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे गोंडपिपरी आली आणि दूर सरकू लागली. शाळेत एक शिस्त पक्की होती: मास्तर म्हणतील ते एका सुरात म्हणायचं.

"म्हणा," मास्तर म्हणाले. "किल्ला पडला."

"किल्ला पडला."

"एकही वाचला नाही."

काहीच आलं नाही. मग सोमारीने म्हटलं. मग सगळ्यांनी.

"एकही वाचला नाही."

साहेबांनी मान डोलावली. उच्चार स्वच्छ होते.

त्या दिवशी कुंपणाबाहेर द्रोण निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर बाप्ये लांबट दगड उभे गाडत होते. कोणी रडत नव्हतं. मास्तरांकडे कोणी रागाने पाहिलंही नाही.

त्यांनी पान उघडलं.

"हा कोण, सोमारी?"

"चित्र हाय, गुरुजी."

बदलीचा हुकूम लगेच आला. शिक्षणखातं माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर तेवढ्यानेच काटा यायला हवा होता.

पोचवायला मुखरूने स्वतः बंडी जुंपली. सामान एक ट्रंक आणि एक वळकटी. साध्या चढावर बैलांच्या तोंडाला फेस आला. मुखरू उतरून चालू लागला.

"तुम्ही काऊन उतरले, भाऊ?"

"जागा नाई."

मास्तरांनी मागे पाहिलं. ट्रंक होती, वळकटी होती.

गोंडपिपरीला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मुखरूने बंडी दारातूनच वळवली. परतीला बैल धावत गेले.

मास्तर हातपाय धुवायला थेट मागच्या विहिरीवर गेले. स्वयंपाकघरात आले, तर भागीरथाने शेजारून आणलेलं मोठं पातेलं चुलीवर चढवलेलं.

"एवढा भात कोणाले?"

"तुमच्यासंगं आले त्याईले. सांगायचं तरी आधी. उपाशी दिसतेत बिचारे."

मास्तरांनी ओसरीच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुठी हाय?"

"ओसरीत, त्याईच्यापाशी. लय रडत होती. उगी केली त्याईनं."

आपल्या मुलीला पहिल्यांदा पाहायला मास्तर ओसरीत आले.

ओसरीत कोणी नव्हतं.

पाळणा संथ झुलत होता, आणि त्याची दोरी हवेत ताठ ताणलेली होती.