तांब्याचे चार वायसर

कोहमाऱ्याच्या चौकात केवळरामचं गॅरेज म्हणजे टिनाचं शेड, आणि समोर धानाच्या गोदामाची भिंत. डिझेल इंजिनात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण माणूस हेकेखोर. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले की तो ते फळीच्या चार भोकांत नंबरानं उभे करायचा आणि ज्याच्या त्याच्या जागीच परत बसवायचा. त्यात कोणाचंही ऐकायचा नाही.

बहिणीच्या नवऱ्याच्या, भुपेंद्रच्या जीपमध्येही त्यानं नंबर न चुकवता चार इंजेक्टरांचा एक जुना सेट बसवला होता. सौंदडच्या बाजारात माणसं चिरडणाऱ्या गाडीचा. भंगारवाल्या चुन्नीलालनं देतानाच सांगितलं होतं, "चारही एका गाडीत नोको लाऊ गा. फोडून इक." केवळराम हसला होता. सेट फोडतो तो कसला मिस्त्री!

आणि आज भर दुपारी भुपेंद्र घामानं निथळत जीप घेऊन आला. बंपरला रक्तात माखलेले केस चिकटले होते.

"दादा, रेसवर पाय नोयता ठेवला मी. गाडी आपल्यानंच पळून राहिली. बकरी चिरडली, मंग मंजूच्या अंगावर गेली. तिनं धानाच्या बांधीत उडी मारली म्हणून वाचली."

मंजू केवळरामची एकुलती बहीण.

"इंजेक्टर गळत असंन," तो म्हणाला. "डिझेल जास्त गेलं का इंजिन पळतेच." हे त्यानं जास्त करून स्वतःलाच सांगितलं.

चाबी खिशात टाकली, बॅटरीची वायर काढली. मग पाइप, क्लॅम्प, आणि एकेक इंजेक्टर उपसून फळीवर. चौथा हटून बसला होता. किडकी दाढ उपटावी तसा करकरत वर आला. टोकाला काळं काही लागलं होतं, त्याला डिझेलचा वास नव्हता. खाटकाच्या दुकानात येतो तसा होता. बुडाच्या तांब्याच्या चकत्या, चारही वायसर, त्यानं काढून मुठीत घेतले. ते नसले तर दाब निसटतो, इंजिन चालूच होत नाही. भोकांत चिंध्या कोंबल्या, बोनेट खाली टाकलं.

भुपेंद्र भिंतीकडे पाठ करून बंपर पुसत होता.

मागं फळीवर टक वाजलं.

केवळराम वळला. पहिला इंजेक्टर. मग तिसरा, चौथा, दुसरा. ना वायर, ना पाइप, आणि इंजिन चालतं त्याच क्रमानं एकेकाच्या टोकातून बारीक फवारा उडत होता.

"भुपेंद्र, सरक!"

"काऊन?"

इंजिन गरजलं, केवळरामच्या मुठीतले वायसर एकदम तापले. जीप उडाली आणि भुपेंद्र भिंतीशी चेपला गेला. बरगड्या मोडल्याचा आवाज केवळरामला इंजिनच्या वरून ऐकू आला. त्यानं हँडब्रेक ओढला. चाकं माती उडवत रेटतच राहिली. भुपेंद्रच्या तोंडातून रक्त बोनेटवर आलं.

केवळराम हातोडा घेऊन फळीकडे धावला.

फळी रिकामी होती.

इंजिन बंद पडलं, वायसर निवले.

बाजूच्या ढाब्यावरून ढाबेवाला केशोराव आणि माणसं धावली. मागोमाग मंजू आली, बांधीतल्या चिखलानं माखलेली. ती भिंत आणि चाकाच्या मधल्या फटीत शिरली आणि नवऱ्याचा हात धरून बसली.

"दादा, चालू कायले केली?"

"इंजेक्टर नाहीत तिच्यात," केवळराम म्हणाला. "मी काढले."

केशोरावनं बोनेट उचललं. चारही इंजेक्टर जागेवर होते. पाइप जोडलेले, क्लॅम्प आवळलेले, बॅटरीची वायर लावलेली. त्यानं केवळरामकडे खुन्याकडे बघावं तसं पाहिलं.

"मागं घ्या गाडी, माणूस मोकळा करा!" कोणी ओरडलं. केशोरावनं केवळरामच्या खिशातून चाबी ओढून घेतली आणि स्वतःच आत बसला.

"मंजू, तिथून निंग," केवळराम म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. भुपेंद्रची बोटं अजून हलत होती.

केवळरामच्या बंद मुठीतले वायसर हळूहळू तापू लागले.