रीळ म्हणजे रीळ!

"दोरा?" शामला किंचाळलीच. "वसंत, डब्यात दोरा आहे गा!"

वसंतनं डोकं खुपसलं. खरंच! मूकपटाच्या शेवटच्या रिळाऐवजी पत्र्याच्या गोल डब्यात लाल-हिरव्या दोऱ्याची रिळं ऐटीत बसली होती!

दिवाळीची सुटी होती. लकडगंजच्या वाचनालयात आज संध्याकाळी लढाईचा जुना मूकपट दाखवायचा होता. एका ऐतिहासिक कादंबरीवरून काढलेला, आणि त्याची ही एकच प्रत उरलेली! शामलाचे आजोबा नत्थूजी तरुणपणी त्यात घोडेस्वार झाले होते. लढाईच्या प्रसंगात पडून त्यांचा पाय मोडला. ते खाटेवरून उठेपर्यंत मूकपट गावातून गेलासुद्धा! स्वतःला पडद्यावर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि ते दिसणार होते फक्त शेवटच्या रिळात!

"मधुकरकाका, आमचं रीळ कोठी गेलं?" शामलानं विचारलं.

वाचनालयाचे चिटणीस मधुकरराव सतरंज्या झटकत होते. "टेबलावर दोन डबे होते. एक तुमच्या काकूचा, बळीराम शिंप्याले द्यायचा. रिक्षावाल्याले म्हटलं, रिळाचा डबा गांधीबागेत पोचव. तो विचारते, कोणता? म्या म्हटलं, रीळ म्हणजे रीळ! काहून डोकं खाऊन राहिला?"

धन्य! आठवडाभर हेच गृहस्थ सगळ्यांना बजावत होते, "बिडी बाहेर! ही फिल्म एका ठिणगीनं भडकते!"

"काका! शिंप्याकडे कोळशाची इस्त्री असते ना!" वसंत ओरडला.

मधुकरराव मटकन खाली बसले. बसायला काय जातं! धावायचं पोरांनी! वसंतनं दोऱ्याचा डबा पिशवीत टाकला, सायकल काढली आणि दोघं डबलसीट सुटले. गांधीबागेत कापडाचे गठ्ठे आणि हातगाड्यांनी रस्ता तुंबलेला. शामला उडी मारून पळतच सुटली.

बळीराम शिंपी गोल डब्यावर निखाऱ्यांची इस्त्री टेकवणार, तेवढ्यात ती ओरडली, "थांबा!"

इस्त्री हवेतच राहिली. "काहून ओरडून राहिली वं? दोरा नाही, काळी पट्टी आहे यात. म्हटलं, इस्त्री ठेवाले कामी येईन. डबा पाहिजे तर आधी माझा दोरा आण!"

"हा घ्या!" मागून धापा टाकत वसंत म्हणाला. शामलानं आपला डबा छातीशी धरला.

संध्याकाळी शेवटचं रीळ लागलं. धूळ उडाली, घोडे आले आणि पहिलाच स्वार धप्पकन पडला! सगळे हसले. शामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आजोबांनी सांगितलेली लढाई केवढी मोठी होती!

नत्थूजी मात्र काठी उंचावून ओरडले, "पाहा गा! पडलो, पण तलवार नाही सोडली!"

खरंच, धुळीतून तलवारीचा हात वर आला होता. आता सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"शाबास पोरांनो!" मधुकरराव म्हणाले. "तुमच्यामुळं रीळ वाचलं!"

"कोणतं रीळ, काका?" वसंतनं विचारलं.

"गप बसा गा!" नत्थूजींनी डोळे पुसले. "पुन्हा लावा ते. मले आणखी एकदा पडू द्या!"